मातीपरीक्षणात नापास होईल अशी प्रवाळ भित्ती एवढी पिकते कशी?

चुनखडी (धागाकर्ता)

सोलापुरात माझी छोटी मातीपरीक्षणाची प्रयोगशाळा आहे. समुद्राशी संबंध म्हणाल तर कोकणात जाऊन मासे खाण्यापुरता. पण हल्ली प्रवाळ भित्तींवर मिळेल ते वाचत सुटलोय, कारण तिथला हिशेब माझ्या धंद्याच्या हिशेबात बसतच नाही. इथे विज्ञानवाले बरेच आहेत, म्हणून हा धागा.

शेतकरी पिशवीत माती घेऊन येतो. आम्ही सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश काढतो आणि आकड्यापुढे 'कमी', 'मध्यम', 'भरपूर' असा शेरा मारतो. लक्षद्वीपच्या भित्तीवरचं पाणी याच नियमानं तपासलं तर प्रत्येक रकान्यात 'अत्यंत कमी' लिहावं लागेल. एकच आकडा देतो. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलीग्रॅमपर्यंत चालतं, आणि आपल्या जिल्ह्यातल्या कित्येक विहिरी ती मर्यादा ओलांडून बसल्यात. चांगल्या प्रवाळ भित्तीवरच्या पाण्यात तेच नायट्रेट बहुधा ०.०६ मिलीग्रॅमच्याही खाली असतं. सातशेहून जास्त पटींनी कमी! पाणी एवढं नितळ दिसतं ते त्यामुळेच. त्यात हिरवं काही माजायला खतच नाही.

आणि तरी समुद्रतळाच्या एक टक्क्याहून कमी जागेत सागरी प्रजातींपैकी साधारण चौथा हिस्सा राहतो. या कोड्याला डार्विनचा विरोधाभास म्हणतात. त्याचं प्रवाळ भित्तींवरचं पुस्तक १८४२ चं, म्हणजे कोडं तसं जुनंच.

मला पटलेलं उत्तर असं: आम्ही प्रयोगशाळेत साठा मोजतो. भित्ती साठ्यावर चालतच नाही, ती फिरण्यावर चालते. चाटी गल्लीत सकाळी एका दुकानात आलेली पाचशेची नोट संध्याकाळपर्यंत दहा गल्ले फिरून येते. कुठल्याही क्षणी मोजायला जा, नोट एकच भरणार. पण धंदा दहा दुकानांचा झालेला असतो. भित्तीवर नत्राचा कण असाच हातोहात फिरतो.

पहिला फेरा प्रवाळाच्या अंगातच आहे. प्रवाळ हा प्राणी, पण त्याच्या पेशींच्या आत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात, चौरस सेंटीमीटरला दहा लाखांच्या घरात. प्राण्यानं खाल्लं की मागे अमोनिया उरतो. आपण तो अंगाबाहेर टाकतो. इथे तो बाहेर पडायच्या आधीच शैवाल उचलतं, कारण त्याचं खत तेच. उन्हात साखर बनवतं आणि त्यातली बरीचशी प्रवाळाला देतं. प्रवाळाची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंत गरज यातून भागू शकते. नत्र पाण्यात उतरलंच नाही, तर पाण्याच्या नमुन्यात दिसणार कुठून?

यूजीन आणि हॉवर्ड ओडम हे दोघे भाऊ १९५४ साली प्रशांत महासागरातल्या एनिवेटोक कंकणद्वीपावर गेले. अमेरिकेनं जिथे अणुचाचण्या केल्या तेच हे ठिकाण, आणि अभ्यासाला पैसाही तिथल्या अणुऊर्जा आयोगाचाच. भित्तीवर येणारं पाणी आणि भित्ती ओलांडून पलीकडे जाणारं पाणी त्यांनी तपासलं. दिवसाउजेडी तयार होणारं अन्न आणि चोवीस तासांत खर्च होणारं अन्न जवळपास सारखं निघालं. शिल्लक टाकायची पद्धतच नाही तिथे.

दुसरा फेरा शेंबडाचा. हसू नका. प्रवाळ अंगावर सतत चिकट स्राव सोडत असतो. ऑस्ट्रेलियातल्या हेरॉन बेटाजवळ त्याचं मोजमाप झालं (२००४). दर चौरस मीटर भित्तीमागे दिवसाला ४.८ लिटरपर्यंत! त्यातला ५६ ते ८० टक्के भाग लगेच पाण्यात विरघळतो. उरलेल्याचे चिकट तंतू होतात, वाहता वाहता त्यांना पाण्यातले बारीक कण चिकटतात, तंतू जड होतात आणि लगूनच्या, म्हणजे भित्तीआडच्या उथळ पाण्याच्या, वाळूवर जाऊन बसतात. वाळूतले जिवाणू ते कुजवतात आणि नत्र-स्फुरद परत पाण्यात सोडतात.

मग विरघळलेला भाग कोण खातं? मासा तर विरघळलेलं खाऊ शकत नाही. याचा उलगडा २०१३ मध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरच्या कामातून झाला. कपारींच्या अंधारात बसलेले स्पंज हे विरघळलेलं द्रव्य शोषून घेतात. गंमत अशी, की एवढं खाऊनही त्या मानानं वाढत नाहीत. त्यांच्या पाणी गाळणाऱ्या पेशी काही तासांत नव्या होतात आणि जुन्या सतत गळत राहतात. तो गळाठा खेकडे, गोगलगायी, कृमी खातात, आणि त्यांना मासे. हे वाचलं तेव्हा मी उठून एक चक्कर मारून आलो. आमच्या मातीपरीक्षणाच्या कार्डावर असल्या गोष्टीला रकानाच नाही.

वाळूबद्दल खूप लिहायचंय, ते प्रतिसादांत लिहितो.

होटगी_रोड

वाचतोय. दुसरा फेरा नेमका जेवताना वाचला, आभारी आहे.

सात_रस्ता

गावात नळाला चार-चार दिवस पाणी नाही आणि इथं समुद्राच्या पाण्यातलं नत्र मोजणं चाललंय. चालू द्या.

चुनखडी

नळाला आलं की तेही मोजू की. बाटली भरून आणा, फी घेणार नाही.

मोहोळकर_ट्रॉली

सर, एक शंका हाय. उन्हाळ्यात उजनीचं पाणी मागं सरलं की आमच्याकडं गाळासाठी नुसती रांग लागती. सरकारची ती गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना हाय नव्हं, तसलंच. मुरमाड रानात गाळ पसरला की दुसऱ्या वर्षी डाळिंब बघत राहावं असं येतंय. तुम्ही म्हणताय समुद्रात खत न्हाय. मग नदीचा गाळ तिकडं गेला तर प्रवाळाचं भलंच व्हायला पायजे की. फुकटचं खत.

कर्लीकाठची

दादा, उलटं आहे ते. मी मूळची देवबागची, लग्नानंतर सोलापुरात. आमच्या घरामागे कर्ली नदी आणि पुढे समुद्र. पावसाळ्यात नदी तांबडंभडक पाणी घेऊन येते आणि किनाऱ्यालगतचा समुद्र पार लांबपर्यंत गढूळ होतो. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थोडं थोडं प्रवाळ आहे. पण लक्षद्वीपच्या फोटोंतलं फांद्याफांद्यांचं प्रवाळ शोधाल तर निराश व्हाल. आमच्याकडे गोलसर, ठोकळ्यासारखं, खडकाला धरून असलेलंच जास्त. गढुळात टिकणारं तेवढंच उरलंय असं मला वाटतं.

बुडी मारणाऱ्या पोरांनी सांगितलेलं एक ऐका. गाळ बसलेल्या प्रवाळाजवळ थांबलं तर गाळ हळूहळू कडेला सरकताना दिसतो. प्रवाळ स्वतःच तो ढकलत असतो, त्याच शेंबडात गुंडाळून. पर्यटक मात्र पंख्यासारखी पायताणं हलवून क्षणात दुप्पट गाळ उडवतात. आणि प्रवाळावर उभे राहून फोटो काढतात ते वेगळंच.

चुनखडी

ताईंनी मुद्द्याला हात घातला. मोहोळकर, तुमची शंका रास्त आहे. मातीच्या माणसाला पहिला प्रश्न हाच पडणार.

आपल्या रानात गाळ चालतो, कारण पिकाचं खाणं मुळाशी आणि ऊन पानाला. गाळ मुळाशी पडतो, पान वर मोकळं राहतं. प्रवाळाचं तोंड, पान, कातडी सगळं एकाच पृष्ठभागावर. गाळ नेमका तिथेच बसतो. पाणी गढूळ झालं की आतल्या शैवालाला ऊन मिळत नाही, साखर कमी पडते. त्याच वेळी गाळ सरकवायला शेंबूड जास्त सोडावा लागतो, म्हणजे खर्च वाढतो. थर जाड असेल तर खाली प्राणवायू संपतो आणि प्रवाळ मरतं. शिवाय प्रवाळाची पिल्लं, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या, कडक जागा मिळाली तरच चिकटतात. चिखलावर त्यांना पाय रोवता येत नाही.

आता खत. प्रवाळाची वाढ सावकाश, मोठ्या शैवालांची झपाट्यानं. खत नाही तोवर शैवाल आवरलेलं असतं आणि जे थोडं उगवतं ते मासे आणि समुद्री अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे प्राणी) खरवडून टाकतात. खत आलं की शर्यतीत शैवाल पुढे. हवाईमधल्या कानेओहे उपसागरात हे लख्ख दिसलं. कित्येक वर्षं तिथे सांडपाणी सोडत होते आणि बुडबुड्यांसारखं एक हिरवं शैवाल प्रवाळावर पसरून त्याला गुदमरवत होतं. १९७७-७८ मध्ये सांडपाणी उपसागराबाहेर खोल समुद्रात वळवलं. त्यानंतर शैवाल हटलं आणि प्रवाळ पुन्हा वाढायला लागलं. उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवंगार का होतं आणि ते खत वरच्या अंगानं कुठून येतं, हे सोलापूरकरांना वेगळं सांगायला नको.

अपवादही आहे. कच्छच्या आखातात पाणी कायम गढूळ, भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, तरी तिथे प्रवाळ आहे. पण तिथेही ताई म्हणतात तसलंच, गोलसर आणि चिवट.

भरतीओहोटी

चांगला धागा. किनारी परिसंस्थांवर काम करतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

फेरा कितीही घट्ट असला तरी पूर्ण बंद नसतो. भित्तीच्या समुद्राकडच्या कडेला लहान मासे थवे करून थांबतात आणि लाटेबरोबर येणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव) टिपतात. त्यांची विष्ठा खाली कपारींत पडते. म्हणजे बाहेरचं नत्र दारातच उतरवून घेतलं. काही ठिकाणी खोल पाण्यातल्या अंतर्गत लाटा थंड, खतयुक्त पाणी वर ढकलतात. निळी-हिरवी शैवालं नत्र स्थिर करतात, भातशेतीवाल्यांना ती माहीत आहेत.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण पक्ष्यांचं. हिंदी महासागरात मालदीवच्या दक्षिणेला चागोस बेटं आहेत. काहींवर जहाजांतून आलेले उंदीर, काहींवर उंदीर पोचलेच नाहीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बिनउंदरांच्या बेटांवर समुद्रपक्ष्यांची घनता ७६० पट निघाली. पक्षी खुल्या समुद्रात मासे खातात आणि बेटावर येऊन शिटतात. ते नत्र पावसाबरोबर भित्तीवर उतरतं. अशा बेटांलगत भित्तीवरच्या माशांचं एकूण वजन ४८ टक्के जास्त होतं. अंडी खाणारा उंदीर बेटावर, फटका पाण्याखालच्या माशांना.

चुनखडी, कोणी विचारेल म्हणून सांगतो: पक्ष्यांचं खत चाललं आणि सांडपाणी का नाही? पक्ष्यांचं खत थोडं थोडं येतं, त्यात नत्र आणि स्फुरद दोन्ही असतात, आणि ते खाऊन पचवणारी सगळी साखळी जागेवर असते. सांडपाणी एकदम येतं आणि बरोबर गाळ आणि रोगजंतू घेऊन येतं.

अगत्तीहून_परत

लक्षद्वीपला जाऊन आलोय. अगत्तीच्या लगूनमध्ये तोंड पाण्यात घातल्यावर पहिल्यांदा ऐकू येतो तो आवाज. कुटुर, कुटुर. आधी वाटलं माझ्याच नळीचा आवाज आहे. मग दिसलं, हिरवा-निळा पोपट मासा खडकाला चावे घेतोय. चावला की खडकावर दोन पांढरे ओरखडे उमटायचे. थोडा पुढे पोहला आणि मागून पांढऱ्या भुकटीचा ढग सोडला, तो हळूहळू खाली बसला. गाईड म्हणाला, ज्या वाळूवर रात्री बसून जेवलात ना, ती हीच.

त्यानंतर जेवण जरा कमीच गेलं.

होटगी_रोड

या धाग्यावर जेवणाचं काही खरं नाही.

चुनखडी

अगत्तीहून_परत, गाईडचं म्हणणं अगदी बरोबर. आता वाळूवर येतो.

पोपट माशाला खडक खायची हौस नाही. त्याला खडकावरचं आणि खडकाच्या आत शिरलेलं शैवाल आणि जिवाणू हवे असतात, खडक त्याबरोबर पोटात जातो. चोचीसारखे दात, घशात जात्यासारखी दुसरी दातांची जोडी, आणि मग मागून बारीक वाळू. या कुळातला सगळ्यात थोराड, कपाळावर टेंगूळ असलेला मासा वर्षाला पाच टनांहून जास्त खडक रिचवतो. एक मासा. पाच टन म्हणजे मोहोळकरांच्या ट्रॉलीची चांगली भरगच्च खेप. मालदीवमधल्या वक्कारू बेटाभोवती भित्तीवर तयार होणाऱ्या नव्या वाळूपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाळू पोपट माशांची निघाली (२०१५). बेटाचा पायाच त्यावर. पोपट मासा कमी झाला तर एकीकडे शैवाल माजतं आणि दुसरीकडे किनाऱ्याला वाळू पुरत नाही.

म्हणजे गाळ-गाळात फरक आहे, मोहोळकर. नदीचा गाळ डोंगराचा, बारीक, चिकट, पाण्यात तरंगत राहणारा. भित्तीची वाळू तिच्याच अंगाची, जाडसर, पटकन तळाला बसणारी, आणि तिच्यातून पाणी आरपार जातं.

टाकीवाले एक सदस्य इथे आहेत, त्यांनी पाकिटात मिळणारी प्रवाळ-वाळू चिमूटभर दिली होती. प्रयोगशाळेतल्या भिंगाखाली धरली. नदीच्या वाळूत गारगोटीचे चकाकणारे कण दिसतात, इथे एकही नाही. हलीमेडा नावाच्या शैवालाच्या चपट्या पांढऱ्या पापड्या, त्यांना सुईच्या टोकाएवढी भोकं. फोरामिनिफेरा नावाच्या एकपेशीय जिवांच्या गोल चकत्या. अर्चिनच्या काट्याचा तुकडा, उभ्या रेषा असलेला. प्रत्येक कण कुणाच्या तरी हाडाचा. मग आमची नेहमीची चुनखडीची चाचणी: सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. आपल्या काळ्या मातीवर बुडबुडे येतात आणि माती उरते. ही वाळू फसफसली आणि काचेवर काहीच उरलं नाही.

या कणांच्या भोकांत जिवाणू बसलेले असतात. लाट वरून गेली की दाबामुळे पाणी वाळूत घुसतं आणि थोडं पुढे बाहेर येतं. वरच्या थरात प्राणवायू असतो, तिथे शेंबूड, विष्ठा, मेलेलं शैवाल झपाट्यानं कुजतं. खाली प्राणवायू नसलेल्या थरात काही जिवाणू नायट्रेटचं वायूत रूपांतर करून ते हवेत सोडून देतात. म्हणून म्हणतो, तिथली वाळू नुसती पडून राहिलेली नाही, कामाला लागलेली आहे.

खारं_पाणी

टाकीवाला मीच. माझ्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ती सांभाळणं म्हणजे शिक्षाच. लाइट गेली की चिलर बंद, पाण्याचं तापमान बघता बघता वर. प्रवाळ ठेवलेलं नाही. भित्ती बांधणारी सगळी प्रवाळं २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, त्यामुळे 'देतो की साहेब, कुणाला कळतंय' म्हणणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागू नका. किनाऱ्यावरचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका.

धागाकर्त्याच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो. टाकीत खाणं रोज बाहेरून पडतं आणि फिरवणारे हात मोजकेच. म्हणून नायट्रेट चढतंच. फेस काढायचं यंत्र लावा, पाणी बदला, तरी चढतं. वाळूचा थर जाड केला तर फरक पडतो, पण वर्षभरात तो घट्ट होऊन खाली काळा पडतो आणि सडक्या अंड्याचा वास मारतो. खऱ्या भित्तीवर हे का होत नाही?

भरतीओहोटी

वाळू उकरणारी मंडळी आहेत म्हणून. त्यात पहिला मान समुद्री काकडीचा (नाव काकडी, पण आहे प्राणी). ती वाळू गिळते, कणांवरचे जिवाणू आणि कुजका माल पचवते आणि वाळू परत टाकते, नीट गोळ्यांची माळ करून. हेरॉन बेटाच्या भित्तीवर २०२१ मध्ये हिशेब मांडला गेला: एक काकडी वर्षाला साधारण १४ किलो वाळू काढते, आणि त्या एका भित्तीवरच्या सगळ्या मिळून ६४,००० टन. वाळू मोकळी होते, प्राणवायू खाली जातो आणि काकडीच्या अंगातून बाहेर पडणारा अमोनिया वरच्या शैवालाला मिळतो.

आपल्याकडे समुद्री काकडीही २००१ पासून अनुसूची १ मध्ये आहे. तरी चोरटी पकड चालते, कारण पूर्व आशियात तिला मोठा भाव. लक्षद्वीपमध्ये चेरियापाणीला २०२० मध्ये खास समुद्री काकडीसाठी संवर्धन क्षेत्र जाहीर झालं, अशा प्रकारचं जगातलं पहिलं.

सात_रस्ता

समुद्रातली काकडी शेणखत घालतीय आणि सरकार तिला संरक्षण देतंय. आमच्या गल्लीतल्या गटारीचं बघा कोणी तरी.

(पण धागा वाचतोय हं. पक्ष्यांचं आवडलं.)

कर्लीकाठची

भरतीओहोटी, एक विचारायचं होतं. आंग्रिया बँकेबद्दल आमच्याकडे लहानपणापासून ऐकते. तिथे गाळ पोचत नाही का?

भरतीओहोटी

नाही पोचत. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत आहे. माथा पाण्याखाली साधारण वीस मीटरवर. कोकणातल्या नद्यांचा गाळ किनाऱ्यालगतच राहतो, त्यामुळे एवढ्या खोलीवरही खाली ऊन पोचतं. मालवण आणि आंग्रिया, अक्षांश जवळजवळ तेच, पाण्यात फरक केवढा! मला तर महाराष्ट्रातल्या मुलांना शाळेत हे एकच उदाहरण शिकवलं तरी पुरे वाटतं.

धोका तिथे दुसरा आहे. पाणी तापलं की प्रवाळ आतली शैवालं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. धागाकर्त्याच्या भाषेत, पहिला फेराच तुटतो. बाकीचे फेरे काही काळ चालत राहतात, पण चालवायला साखर कोण बनवणार?

मोहोळकर_ट्रॉली

सगळं वाचलं. एक राहिलं. सर, तुम्ही मागं माझ्या रानाच्या कार्डावर चुनखडी जास्त लिहिली होती आणि म्हणाला होता डीएपी खत टाकून उपेग न्हाय, स्फुरद अडकतंय. ह्या वाळूत तर नुसती चुनखडीच. मग तिकडं स्फुरद अडकत न्हाय का?

चुनखडी

मोहोळकर, हा प्रश्न मला कुणीतरी विचारावा म्हणून थांबलो होतो.

अडकतं! स्फुरद चुन्याच्या कणाला चिकटतं आणि हळूहळू कॅल्शियमबरोबर घट्ट बसतं. तुमच्या रानात होतं तेच लगूनच्या वाळूत होतं. त्यामुळे अशा वाळूत उगवणाऱ्या समुद्रगवताला पुष्कळदा स्फुरदच कमी पडतं. गवत त्यावर तोड काढतं. मुळांवाटे ते वाळूत प्राणवायू सोडतं, त्यामुळे मुळांजवळचा कुजका माल जोरात कुजतो, त्यातून कर्बाम्ल तयार होतं आणि चुना थोडा थोडा विरघळतो. चुन्याबरोबर अडकलेलं स्फुरदही सुटतं आणि मूळ ते उचलतं.

समुद्रगवताचं भित्तीशी नातंही जवळचं. कॅरिबियनमध्ये ग्रंट जातीचे मासे रात्री गवतात जाऊन चरतात आणि दिवसभर प्रवाळाच्या फांद्यांत विश्रांती घेतात. त्यांचा अमोनिया प्रवाळावर पडतो. ज्या प्रवाळांत असे थवे राहत होते ती इतरांपेक्षा जोमानं वाढली, असं १९८३ मध्येच दाखवलं गेलंय.

आता तुमच्या रानाचं. गवत जे मुळाशी करतं तेच आपण करायचं: आम्ल तयार होईल असं काही तरी मुळाशी ठेवायचं. डीएपी किंवा सुपर फॉस्फेट फेकून देऊ नका. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, बियाण्याच्या जरा खाली, ओळीत पेरून द्या. फेकलं की खताचा कण आणि चुन्याचा कण यांची सगळीकडे गाठ पडते, ओळीत दिलं की कमी पडते. बियाण्याला पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणारे जिवाणू, लावा, ते सेंद्रिय आम्लं सोडतात. पण सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल तर ते उपाशीच राहतात, म्हणून शेणखत आधी, पाकीट नंतर. गाळ टाकणार असाल तर त्याचाही नमुना आधी आणा. गाळात चुनखडी किती आहे ते न बघता ट्रॉली ओतू नका. डाळिंबाला तेच पुढे जाचतं, पानं पिवळी पडतात आणि लोक लोहाची फवारणी करत बसतात.

मोहोळकर_ट्रॉली

गाळाचा नमुना किती आणू? आणि वरचा आणू का खालचा?

चुनखडी

पाच-सहा ठिकाणचा घ्या, वरचा सुकलेला थर बाजूला करून हातभर खोलीचा. घमेल्यात एकत्र करून, चार भाग करून समोरासमोरचे दोन टाका, असं करत करत अर्धा किलो उरू द्या. सावलीत वाळवा. खताची रिकामी पिशवी वापरू नका, आकडा बिघडतो.